खो कुणाला द्यायचा?

प्रति,
आमच्या शहराची नगरपालिका
(सर्व विभाग आणि सर्व खुर्च्या, रिकाम्यासुद्धा)



सर्वप्रथम जाहीर माफी. नगरपालिका खेळासाठी काहीच करत नाही, असं मी इतकी वर्षं कट्ट्यावर बसून बोलत आलो. ते शब्द मागे घेतो. मागच्या महिन्यात मैदानावरचे खड्डे बुजवा, एवढा एका ओळीचा अर्ज घेऊन तुमच्याकडे आलो आणि डोळे उघडले. मालमत्ता विभागाने बांधकामाला खो दिला, बांधकामाने उद्यान विभागाला, उद्यानवाल्यांनी पुन्हा मालमत्तेला. खो-खोत शेजारशेजारचे गडी एकमेकांच्या विरुद्ध दिशेला तोंड करून बसतात. तुमच्याकडेही अगदी तसेच बसलेले दिसले. फरक एवढाच, की मैदानावर खो मिळाला की गडी उठतो.

आता खड्ड्यांविषयी. दिवाळीआधी खरेदी महोत्सव, मग लग्नसराई, मधेच कुणाची तरी जाहीर सभा. मांडव उतरतो, खांबांचे खड्डे, खिळे आणि बाटल्यांच्या काचा मुक्कामाला राहतात. मैदान पूर्ववत करून दिल्यावरच अनामत परत मिळेल, अशी अट तुमच्याच पावतीवर छापलेली आहे. अनामत वेळेवर परत जाते, याबद्दल तुमचं कौतुक. मैदान तेवढं परत यायचं राहतं.

माझी नात तिथे खो-खोच्या सरावाला जाते. खांबाजवळ सूर मारण्याआधी ती पायाने माती चाचपून बघते. तिचे सर मुलींना रोज एका रांगेत, माना खाली घालून मैदानभर चालवतात. मला वाटलं, व्यायामाचा नवा प्रकार. तर मुली खिळे वेचत होत्या.

आणि या खेळाला लागतं तरी किती? 27 मीटर लांब, 16 मीटर रुंद जमीन आणि दोन लाकडी खांब. तुमच्या महोत्सवातले पापड-लोणच्याचे स्टॉल याहून जास्त जागा खातात. जानेवारी 2025मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताचे पुरुष आणि महिला दोन्ही संघ जिंकले आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे, आपल्या महाराष्ट्राचे. तुम्ही तातडीने अभिनंदनाचा भलामोठा फलक लावलात. त्याच्या दोऱ्या मैदानाच्या फाटकाला आवळून बांधल्या होत्या, म्हणून दोन दिवस मुलींना आत जाता आलं नाही. खेळाचा असा गौरव क्वचितच कुणी केला असेल.

जलतरण तलावाबद्दल तक्रार नाही. फीत कापल्यापासून त्यात दर पावसाळ्यात न चुकता पाणी असतं.

मैदान सांभाळणं आमचं काम नाही, असं एक साहेब म्हणाले. म्हणून घरी येऊन 1992 सालची 74वी घटनादुरुस्ती काढून बसलो. नगरपालिकांकडे सोपवता येतील अशा कामांची यादी बाराव्या अनुसूचीत आहे. बाराव्या क्रमांकावर उद्यानं, बागा आणि क्रीडांगणं. ‘मांडव’ हा शब्दही शोधला. सापडला नाही.

तेव्हा मागणं थोडकंच आहे. वर्षाला मैदान किती दिवस भाड्याने गेलं, किती पैसे आले आणि त्यातले मातीवर किती खर्च झाले, याचा फलक फाटकाशी लावा. दोऱ्या मात्र दुसरीकडे बांधा. खड्डे बुजल्याचं मुलींच्या सरांनी लिहून दिल्याशिवाय कुणाची अनामत सोडू नका. संध्याकाळी चार ते सात मैदान कुणालाही भाड्याने देऊ नका, मग तो कितीही मोठ्या घरचा नवरदेव असो. हिशेबासाठी माहिती अधिकारात वेगळा अर्ज दिला आहेच. त्याची मुदत 30 दिवस असते. खो-खोची पाळी 9 मिनिटांत संपते, म्हणजे तुम्हाला सवलत भरपूर मिळाली.

आपला,
घरपट्टी वेळेवर भरणारा एक जुना खो-खोपटू

ता. क. : सोबत मुलींनी एका आठवड्यात वेचलेल्या खिळ्यांचा डबा जोडला आहे. आवक विभागाने क्रमांक टाकून पोच द्यावी. पुढच्या विभागाला खो देताना मात्र जपून. टोचतात.