सहाशे एमएम आणि एक म्हैस

लांब पल्ल्याची लेन्स घ्यायची ती पक्ष्यापासून लांब राहता यावं म्हणून. काठावरचा पक्षी माणसाला एका ठरावीक अंतरापर्यंत सहन करतो, त्याच्या आत गेलं की उडतो. ते अंतर पाळून त्याच्या डोळ्यातली चमक टिपायची तर सहाशे एमएमला पर्याय नाही. हे जगभर खरं आहे. कोल्हापुरात मात्र या लेन्समुळं पक्षी नुसता जवळ दिसतो आणि माणसं खरोखरच जवळ येतात.

आमचा रंकाळा तलाव देखणा, पण चिखलात चोच घालून पोट भरणाऱ्यांच्या फारसा कामाचा नाही. त्यांना हवा उथळ, उघडा चिखल. रंकाळ्याला दगडी काठ, भेळेच्या गाड्या आणि अधूनमधून केंदाळ. म्हणून आम्ही कळंब्याला जातो. संक्रांत झाली की कळंबा तलावाचं पाणी मागं सरायला लागतं आणि जो काळा पट्टा उघडा पडतो, त्यावर थंडीची पाहुणेमंडळी पंगत मांडतात. गुलाबी लांब पायांचे शेकाटे, बूड हलवल्याशिवाय एक पाऊल न टाकणारी तुतारी आणि छोटा टिलवा. टिलव्याचं वजन पंचवीसेक ग्रॅम, आणि त्याची वीण होते उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रात. त्याच्या भावकीतल्या एका पाणटिवळ्यानं तर 2022 साली अलास्काहून टास्मानियापर्यंत 13,560 किलोमीटर अंतर कुठंही न उतरता कापलं, तेही जेमतेम पाच महिन्यांचा असताना. आमच्यातली मंडळी गारगोटीला निघाली तर कळंब्यालाच चहाला उतरतात.

आता या टिलव्याचा फोटो उभ्यानं काढला तर नुसती पाठ येते. त्याच्या डोळ्याच्या पातळीवर जायचं तर पोटावर झोपायला लागतं. चिखलात. पुढं तांदूळ भरलेली पिशवी, तिच्यावर दुधाच्या किटलीएवढी लेन्स, शटर एकाला दोन हजार, आणि कोपरांवर इंचाइंचानं सरकायचं. जे काही करायचं ते सकाळी लवकर, कारण ऊन चढलं की चिखलावरची हवा थरथरायला लागते आणि मग दहा लाखांच्या लेन्सलासुद्धा टिलव्याच्या आकाराचा धूर दिसतो.

तर सकाळी सातला, हिरव्या-तपकिरी कपड्यातला पन्नाशीचा माणूस तलावाच्या काठी पालथा पडलेला आहे. पुण्यात असता तर लोकांनी बघून न बघितल्यासारखं केलं असतं. आमच्याकडं ती सोय नाही. लांबून हाक येते, "ओ काका, पडलासा काय?" आणि पाठोपाठ दोघं उचलायला धावतात. टिलवे उडतात. फोटो काढतोय म्हटलं की पुढचा प्रश्न, "शूटिंग हाय व्हय? हिरॉईन कोण?"

यात त्यांचा दोष नाही. बाबूराव पेंटरांनी या गावात स्वतः कॅमेरा घडवला आणि 1920 साली 'सैरंध्री' पडद्यावर आणली. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभच उभा आहे. अशा गावात कॅमेऱ्याच्या मागं कुणी असेल तर पुढं हिरॉईन असणारच. तिथं पंचवीस ग्रॅमचा पक्षी आहे म्हटल्यावर माणसं खचतात, पण निघून जात नाहीत. एकट्या माणसाला असं चिखलात सोडून जाणं बरं दिसत नाही म्हणून शेजारी बसतात. बसल्या बसल्या फोन लावतात, "भावा, कळंब्यावर ये. एक काका हाईत. लेन्स बघ. नाद खुळा!"

माणसं कमी पडतील की काय म्हणून टिटवी आहेच. ती रात्री पाय वर करून झोपते, आभाळ कोसळलं तर झेलायला, असं जुनी माणसं सांगतात. दिवसा तिनं अख्ख्या तलावाची राखण पत्करलेली असते. आपण अजून बाभळीपाशीच असतो, तोवर ती डोक्यावर घिरट्या घालत टिटीव-टिटीव असा पुकारा सुरू करते. कालचाच आलाय, अशी काहीतरी बातमी असावी. चिखलावरचा प्रत्येक पक्षी मान वर करतो. आधी तुतारी उठते, तुतारी उठली म्हणून टिलवे उठतात, आणि शेकाटे लांब पाय मागं ताणून, जाता जाता चार शब्द सुनावून पलीकडच्या काठाला जातात. मार्च लागला की टिटवीची अंडी उघड्या खड्यांतच पडलेली असतात, तेव्हा तर तिनं ओरडावं आणि आपण मुकाट्यानं वाट बदलावी. त्या दिवसांत फोटोसाठी तिथं रेंगाळणाऱ्याचं मला कौतुक नाही, फोटो कितीही सुंदर येवो.

या सगळ्या गोंधळात पक्षी ज्यांना अजिबात बिचकत नाहीत अशा म्हशी. सकाळची धार झाली की त्या पाण्यावर येतात. खुरांनी चिखल ढवळला जातो, किडे वर येतात आणि तुतारी म्हशीच्या पायाशी बिनघोर चरते. त्यामुळं छद्मवेषाच्या जाळ्या आणि तंबू विकणाऱ्यांचं ऐकणं सोडून मी म्हशींशी ओळख वाढवली. त्यांच्या आडोशानं सरकलं तर टिटवीसुद्धा हिशेबात घेत नाही.

ओळख म्हशींशी म्हणजे मालकाशीही आलीच. तो माझ्या उशाशी उकिडवा बसला आणि लेन्सकडं बघून म्हणाला, "पाव्हणं, केवढ्याला पडली?"

"लाखभर."

"म्हंजे एक मुऱ्हा म्हस." थोडा वेळ विचार करून म्हणाला, "म्हस दोन टायमाला मिळून चौदा लिटर घालती. ही काय देती?"

"महिन्याकाठी एखादा बरा फोटो."

"भाकड हाय," त्यानं निदान केलं. मग मलाच वाईट वाटू नये म्हणून असेल, पण मायेनं म्हणाला, "तरी आणलीच हाय तर आमच्या लक्ष्मीचा काढा."

लक्ष्मी माझ्यापासून चार मीटरवर उभी होती. तिच्या मागच्या खुराशी तुतारी होती, कोवळं ऊन बरोबर तुतारीच्या डोळ्यात, असा योग वर्षात फार वेळा येत नाही. पण मालकाला नाही म्हणायचं तर उद्यापासून आडोसा गेला. मी लेन्स वळवली. सहाशेला लक्ष्मीची एक नाकपुडी आली. दीडशेवर आणली तेव्हा तोंड आणि एक शिंग. सगळी म्हैस मावायची तर वीसेक मीटर मागं जायला हवं होतं. मालकानं स्क्रीनवर डोकावून बघितलं.

"शेपटीपतूर घ्या की."

"त्याला मागं जायला लागतंय."

"मग व्हा मागं."

"मागं तळं आहे."

"मग?" तो म्हणाला. "आमची लक्ष्मी रोज बसती की त्यात."