सर्वण किती अक्षरी?

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं सर्वण. बिगरीतलं पोरही बोटं मोडून सांगेल, तीन अक्षरं. आता पास्कल या संगणकभाषेच्या फ्री पास्कल कंपायलरला विचारा. त्याच्या लाझारस या साधनातलं लांबी मोजणारं 'लेंग्थ' ठणकावतं: पंधरा! यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत देवनागरीच्या दर चिन्हाला तीन बाइट लागतात आणि हे फंक्शन मोजतं बाइट. जाणकार हसतात. अहो, 'यूटीएफ८लेंग्थ' लावा ना! लावलं. उत्तर पाच: स, र, हलन्त, व, ण. म्हणजे हलन्तही स्वतंत्र खातेदार. पास्कलच्याच घरातल्या डेल्फीवाल्यांनी डेल्फी २००९पासून यूटीएफ-१६ जवळ केलं. त्यांचंही उत्तर पाचच.

या हिशेबाने नावाचे पहिले तीन तुकडे मागा, 'सर्' हाती येतं, तंगडी मोडलेलं. दोन मागा, 'सर'. गावाला फुकटची मास्तरकी. उलटं करून मागा, 'णव्रस'. काढ्याच्या बाटलीवर छापायला हरकत नाही.

सगळा दोष पास्कलच्या माथी मारण्यातही अर्थ नाही. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची. वाचणाऱ्याचं 'एक अक्षर' कुठे संपतं याच्या नियमात देवनागरी जोडाक्षर मधेच तोडू नये, हे यायला २०२३ उजाडलं. तोवर त्या नियमाने सर्वण चार अक्षरी होतं. तीन, चार, पाच, पंधरा. सातबाऱ्यावरही इतके फेरफार होत नाहीत.

तरी "आमच्यात युनिकोड आहे" ही पाटी सगळीकडे. असतं, पडद्यावर. आत कुणीतरी इंग्रजी नावं डोळ्यांसमोर ठेवून वीसचा रकाना आखलेला असतो, पास्कलच्या जुन्या पद्धतीचा 'स्ट्रिंग[२०]'. त्यात 'कारापूर-सर्वण' भरून बघा. सदतीस बाइटचं नाव वीसच्या डब्यात. पास्कल हूं की चूं न करता कापतं. उरतं 'कारापू', पुढे अर्ध्या 'र'च्या जागी चौकोन नाहीतर प्रश्नचिन्ह. रोमी लिपीत लिहिणाऱ्याचं नाव त्याच डब्यात ऐसपैस बसतं, कारण तिथे अक्षराला एकच बाइट.

गोव्याच्या १९८७च्या राजभाषा कायद्यावरून, मराठी की कोंकणी म्हणत, आपण अजून हमरीतुमरीवर येतो. मराठीतलं सर्वण आणि कोंकणीतलं सर्वण, बाइट तेच पंधरा. त्या डब्यापुरता तर वादच मिटला. त्यात सर्वण शिरलेलंच नाही.