राजा कॅम्पातलाच

"वाचलंस का? आपल्या पुण्याच्या कॅम्पातल्या त्या बर्गरवाल्यांना सुप्रीम कोर्टाने तारलं बाई!"

2025 चा मार्च. काकू गच्चीवर न्यायच्या कुरडयांचं ताट घेऊन निघाल्या होत्या, ते त्यांनी आमच्या सामाईक भिंतीवर ठेवलं. काकूंकडची बातमी आधी या भिंतीवर येते, मग व्हॉट्सॲपवर.

"पहिल्यापासून सांगा," मी म्हटलं. हे म्हणायचं नसतं, कारण त्या खरंच पहिल्यापासून सांगतात.

"1992. मी तेव्हा बँकेच्या कॅम्पातल्या ब्रँचला. इराणी नवरा-बायकोने दुकान काढलं, पाटी लावली 'बर्गर किंग'. तेव्हा देशात मॅक्डोनाल्डसुद्धा नव्हतं गं! ते आलं 1996 च्या ऑक्टोबरात, आधी दिल्लीला, मग वांद्र्याला. आणि हा अमेरिकेतला बर्गर किंग इथे कधी उगवला? 2014! बावीस वर्षांनी. पण कोर्टात दावा लावला 2011 मध्येच. म्हणजे दुकान उघडायचं नंतर, भांडण आधी."

"पण काकू, त्यांचं नाव 1954 पासूनचं आहे. इथला ट्रेडमार्कसुद्धा त्यांनी कधीचा घेऊन ठेवला होता." अमेरिकेचा मला काही पुळका नाही; पण समोर विरोधी पक्ष असल्याशिवाय काकूंना रंग चढत नाही.

"घेतला आणि ठेवला कपाटात! वापरला कोणी? तेच तर म्हणाले पुण्यातले न्यायाधीश. कंपनी इथे यायच्या कितीतरी आधीपासून हे लोक नाव वापरताहेत, म्हणून गेल्या वर्षी दावा फेटाळला. मला वाटलं, सुटले बिचारे. कुठलं! कंपनी गेली हायकोर्टात. डिसेंबरात हायकोर्ट म्हणालं, अपिलाचा निकाल लागेपर्यंत नाव वापरू नका. आणि आता सुप्रीम कोर्टाने त्या आदेशालाच स्थगिती दिलीय."

"म्हणजे जिंकले."

"जिंकले कुठले! अपील आहेच की अजून. पण पाटी राहिली."

काकूंनी आवाज खाली आणला. भिंतीपलीकडे आवाज खाली आला की समजावं, आता परदेशातली बातमी येणार. त्यांचे जावई शिकागोकडे असतात.

"हे एकट्या पुण्यात नाही हं झालेलं. जावई सांगत होते, त्यांच्याच राज्यात, इलिनॉयमध्ये, मट्टून म्हणून गाव आहे. तिथेही नवरा-बायकोच! हूट्स आडनाव. आइस्क्रीमचं दुकान, नाव 'फ्रिजिड क्वीन'. पुढे बर्गर विकायला लागले, तर म्हणाले, राणी आहेच, आता राजा हवा. झालं बर्गर किंग! 1959 साली राज्यात रीतसर नोंदणी केली. नंतर ती फ्लोरिडाची कंपनी तिकडे पसरली आणि गेलं प्रकरण कोर्टात. 1968 साली वरच्या कोर्टाने काय सांगितलं माहितीये? मट्टूनच्या भोवती वीस मैल नवरा-बायकोचे, बाकी कंपनीचं."

"वीस मैल म्हणजे बत्तीस किलोमीटर."

"हो. त्या पट्ट्यात कंपनीने आपल्या नावाने दुकान थाटायचं नाही."

"इथेही तसंच करायला हवं होतं. कॅम्पात खुंटी ठोकायची आणि दोरी धरून फिरायचं. सासवड येईल आत."

"लोणावळा राहील बाहेर. राहू दे. लोणावळ्याला माणसाने चिक्की खावी." काकूंनी लोणावळा असा एका वाक्यात निकालात काढला. "आणि ऑस्ट्रेलियात तर कंपनीला नावच बदलावं लागलं. तिथे ॲडलेडमध्ये कुणीतरी आधीच घेऊन बसलं होतं. मग तिकडे तोच बर्गर 'हंग्री जॅक्स' नावाने विकतात. काही बिघडलं? लोक खातातच आहेत."

मला यात खरं कायद्याचं कोडं दिसतं. अशा खटल्यात एक प्रश्न असतोच, की गिऱ्हाईक फसतं का? परक्याच्या दुकानाला आपलं समजून आत शिरतं का? मी ते काकूंना विचारलं, तर त्या हसल्याच.

"कॅम्पात जाऊन कोण फसलंय? कयानी बेकरीत बिस्किटांसाठी जायचं, दुपारी ते बंद, म्हणून तोंड हिरमुसलं करून वळायचं, मग कोणीतरी म्हणायचं, चला बर्गर खाऊ. पगाराच्या दिवशी आमच्या ब्रँचचा तो ठरलेला कार्यक्रम. दोन्ही हात लागायचे एकेका बर्गरला, आणि मेयॉनीज मनगटापर्यंत. आमचे हेडकॅशिअर शर्टाच्या बाह्या दुमडून बसायचे. त्यांना कोणी सांगितलं असतं की अहो, ही फ्लोरिडाची शाखा नव्हे, तर म्हणाले असते, बरं, अजून एक आण."

पुण्याचं म्हणून मी थोडी पक्षपाती असेन, पण हा पुरावा मला कुठल्याही कागदापेक्षा दमदार वाटतो.

"आणि आपल्या कोपऱ्यावरचा तो नवीन कॅफे?" मी विषय जवळ आणला.

"नावसुद्धा काढू नकोस! गेलो होतो ना नातवाला घेऊन. काळा पाव. काळा, अगं! वरून एवढी मोठी बांबूची काडी खुपसलेली. चारशे रुपये. खायचा कुठून तेच कळेना. हे म्हणाले, आधी काडी काढा, इमारत पडते का बघू. पडली. माझी कवळी, त्यांचा गुडघा, सगळ्यांचा अपमान." (काका त्या दिवशी नंतर शेजारच्या गाडीवर वडापाव खाऊन आले, हे मला काकांकडून कळलं. ते मी काकूंना सांगितलं नाही.)

"म्हणून म्हणते काकू, घरी करावा."

"घरचा तुझा छान असतो, पण पाव ओला होतो."

हे खरं बोचलं, कारण आमच्याकडे पाव ओला होत नाही. मी भिंतीवर कोपर टेकला. पाव बेकरीतूनच आणायचा, सकाळचा. आतल्या बाजूला लोणी लावून तव्यावर चांगला बदामी होईपर्यंत भाजायचा. अर्धवट भाजला तर सॉस शोषतो. खाली आधी कोबी किंवा लेट्यूस, त्यावर टिक्की, म्हणजे सुटलेला रस पावात जात नाही. टोमॅटोच्या चकत्या मीठ लावून पाच मिनिटं निथळत ठेवायच्या. मेयॉनीजऐवजी चक्का, त्यात ठेचलेला लसूण आणि मोहरीची पूड. ह्या चक्क्यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

"आणि खिम्याचा?"

खिमा खाटकाकडून एकदाच काढून घ्यायचा, दोनदा नाही, आणि त्यात थोडी चरबी राहू द्यायची. आपण कौतुकाने 'चरबी काढा हो' म्हणतो, मग टिक्की कोरडी झाली म्हणून मसाले ओततो. मीठ आत कालवायचं नाही. आधी कालवलं की खिम्यातलं प्रथिन सुटून चिकट होतं आणि टिक्की रबरासारखी दाताखाली उड्या मारते. तव्यावर टाकण्याआधी वरून भुरभुरायचं. टिक्की पावापेक्षा बोटभर रुंद थापायची, मध्ये अंगठ्याने खळगा करायचा, कारण शिजताना ती कडेने आकसते आणि मध्ये फुगते. आतपर्यंत शिजू द्यायची, पण उलथन्याने दाबायची मात्र नाही. दाबली की सगळा रस तव्याला, आणि वर 'किती छान आवाज येतोय' म्हणायचं.

"कांदा, आलं, मिरची, कोथिंबीर, अंडं?"

"काही नाही."

"मग तो बर्गर कसला, आजारी माणसाचं जेवण!"

इथे आमचे मतभेद आहेत आणि ते मिटणार नाहीत. काकूंच्या मते हिरवी मिरची न घातलेला खिमा म्हणजे सासरच्यांचा अपमान. माझ्या मते मिरची घातली की तो शामी कबाब झाला; उत्तम आहे, पण पावात कशाला कोंबायचा? मॅक्डोनाल्डनेही इथे येताना गाईचं-डुकराचं मांस बाजूला ठेवलं, महाराजा मॅक आधी मटणाचा होता, मग चिकनचा झाला, आणि चालली शेवटी आपली बटाट्याची टिक्की, असं काकूंनी मला ऐकवलं. "म्हणजे ते आले आपल्याकडे, आपण नाही गेलो त्यांच्याकडे. मिरची घाल."

"बटाट्याच्या टिक्कीत घालेन. उकडलेले बटाटे पूर्ण गार करून, पोह्याचा भरडा घालून."

"चालेल. कधी करतेस?"

"शनिवारी?"

"शनिवार मारुतीचा. रविवारी कर." काकूंनी कुरडयांचं ताट उचललं. "मी बेकरीतून पाव आणते, डझनभर. आणि बटाट्याचे कमीच कर. हे मागतात बटाट्याचा आणि खातात दुसऱ्याच्या ताटातला खिम्याचा."

"मग किती करू?"

"खिम्याचे आठ. आणि त्यातल्या चारात मिरची."