भागिले हजार

मीटरमामा फक्त हिंगोलीतच असतो, असं कुणी समजू नये. वसमतला आहे, कळमनुरीला आहे, औंढ्याला तर नागनाथाच्या कृपेने दोन-तीन असतील. घरात शिरताना चपला काढण्याआधी ज्याची नजर मीटरच्या लाल दिव्यावर जाते, तो मीटरमामा. सरकारी कचेरीतून निवृत्त, वरची खोली भाड्याने दिलेली आणि तोंडी अखंड जप: वॅट गुणिले तास, भागिले हजार.

गणित बरोबर आहे. हजार वॅटची वस्तू तासभर चालली की एक युनिट. पण वेळकाळ? हिंगोलीचे मामा पुतण्याच्या लग्नात ऐन अक्षतांच्या वेळी मंडपातले हॅलोजन मोजत होते. "पाचशेचे बारा, झाले सहा हजार, भागिले हजार..." तेवढ्यात वाजंत्री सुरू झाली आणि मामांच्या हातातल्या अक्षता हातातच राहिल्या.

अशा घरात सेनगावकडचा एक पोरगा स्पर्धा परीक्षेसाठी जुना कॉम्प्युटर घेऊन राहायला आला.

मामांनी पहिल्याच दिवशी डबा उघडायला लावला. आतल्या एसएमपीएसवर छापलेलं होतं: ४५० वॅट. "किती तास चालवायलास रे रोज? पाच? भागिले हजार... महिन्याला साडेसदुसष्ट युनिट!" पोरगा म्हणाला, "मामा, ती त्याची जास्तीत जास्त ताकद आहे. ओढतो फार कमी." मामांचा छापील अक्षरावर जितका विश्वास, तितका भाडेकरूवर नाही. मे महिन्याच्या भर दुपारी त्यांनी पंखे, फ्रीज, देवघरातला दिवासुद्धा बंद केला. चालू फक्त कॉम्प्युटर. मीटरवर ३२०० इम्पल्सला एक युनिट असं लिहिलेलं असतं, म्हणजे लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की युनिट पडलं. मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरून मामांनी दहा मिनिटं लुकलुक मोजली. मामी पदराने वारा घेत मागे उभ्या. ५३! हिशेब निघाला ९९ वॅट, मॉनिटरसकट. महिन्याचे पंधरा युनिट. पोरगा सुटला असं सगळ्यांना वाटलं.

कसला सुटतोय! घरगुती बिलात शंभर युनिटांच्या पुढचा दर जवळजवळ दुप्पट. मग ही पंधरा युनिटं खालच्या दराने धरायची की वरच्या? मामांनी कचेरीतला जुना नियम काढला: सेवाज्येष्ठता. ट्यूबलाइट सगळ्यांत ज्येष्ठ, मग पंखे, मग मिक्सर, मग फ्रीज. कॉम्प्युटर शेवटी रुजू झाला, म्हणून तो वरच्या स्लॅबमध्ये. सगळे आकार धरून युनिटला बारा रुपये, म्हणजे महिना १८०. अर्थशास्त्राचा प्राध्यापकही याहून वेगळं सांगणार नाही, फक्त इतकं चिडवणार नाही.

औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहणार, केंद्राने त्यासाठी २०२३ मध्ये २,६०० कोटी मंजूर केले, ही बातमी मामांनी दोनदा वाचली. प्रोटॉनच्या दहा हजाराव्या भागाइतकी हालचाल मोजणारं यंत्र! "जिल्ह्यात शेवटी कुणीतरी नीट मोजणारं येतंय," म्हणाले. आणि लगेच, "लेझर किती वॅटचा?"

जानेवारीत मात्र पोराकडून १८० घेतले गेले नाहीत. परीक्षा जवळ आलेली, कॉम्प्युटर आठ-आठ तास चालू, आणि बिल ९८ युनिटांचं. कारण मामींनी सांगितलं. महिनाभर फ्रीज बंद होता. दूध दोन वेळा तापवून, भाजी रोजची रोज आणून भागवलं होतं. कॉम्प्युटर खालच्या स्लॅबमध्ये बसावा म्हणून. पोराने विषय काढला तर मामा खेकसले, "थंडीत फ्रीज कशाला लागतो? तू तुझं बघ."

पोरगा लागला नोकरीला, मुंबईत. पहिला फोन मामांना केला. ऑफिस कसं, साहेब कसा, हे काही नाही, प्रश्न आला, "एसी किती टनाचा?"

"दीड टनाचे चार आहेत, मामा. दिवसभर चालू असतात, कुणी असो-नसो. आपल्याला फुकट!"

"फुकट म्हणजे कुणाच्या मीटरवर? बिलावर बारा आकडी ग्राहक क्रमांक असतो बघ, तसलं काही तिथं दिसलं तर पाठव."