इंग्रजी खाच कशी ओळखावी: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

या विषयात मराठी माणसाला उपजतच गती असते. पातेलं आपटलं की पोचा येतो, कपाचा टवका उडतो, गाडीवर चरा उमटतो, डोक्याला खोक पडते. यांची अदलाबदल कोणी करत नाही. कपाला खोक पडली म्हणणाऱ्याला घरातले लोक आधी खाली बसवून पाणी देतात. तोच माणूस लंडनमध्ये भाड्याची मोटार परत करायला जातो, समोर आलेला फॉर्म बघतो आणि गांगरतो. डेंट, डिंग, निक, चिप, स्क्रॅच, गाउज. खूण कशावर करायची?

आधी पत्रा बघावा. पत्रा आत गेला असेल तर डेंट. तोच चिमुकला, पार्किंगमध्ये शेजारच्या गाडीच्या दाराने बहाल केलेला असेल तर डिंग. रंगाचा टवका उडाला तर चिप, रेघ उठली तर स्क्रॅच, आणि माल खरवडून निघाला असेल तर गाउज. गाउज हे सुताराच्या गोल पटाशीचं नाव. अडलेल्या गिऱ्हाइकाकडून अवाच्या सवा भाव उकळणं यालाही इंग्रजीत हेच क्रियापद लागतं, म्हणून फॉर्मवर हा शब्द स्वतःहून लिहू नये. समोरच्याला कल्पना सुचते.

‘निक’ मात्र जपून वापरावा. दाढी करताना हनुवटीला लागतो तो निक, इथवर सोपं. पण ब्रिटनमध्ये निक करणं म्हणजे चोरणं, ‘द निक’ म्हणजे गजाआडची जागा, आणि ‘इन गुड निक’ म्हणजे उत्तम स्थितीत. जुन्या मोटारीच्या जाहिरातीत हे शेवटचे शब्द वाचून, ‘चांगलीच खाच पडलेली दिसते’ म्हणत पुढे जाणारा गृहस्थ चांगली गाडी हातची घालवतो.

आता नॉच. डेंट पडतो, नॉच पाडतात. अपघाताने पडलेल्याला हा मान सहसा मिळत नाही. शब्द मुळात फ्रेंच, ‘ओश’सारखा. इंग्रजांनी आधीच्या ‘अ‍ॅन’मधला ‘न’ ओढून त्याला चिकटवला. (एप्रनच्या बाबतीत उलट झालं: तो ‘नेप्रन’ होता, त्याचा ‘न’ काढून घेतला. हिशेब जुळला.)

आणि हिशेब हेच खरं प्रकरण आहे. इंग्रजी खाच ओळखायची तर तिच्या आकारापेक्षा तिच्यामागची उधारी शोधावी. मध्ययुगीन इंग्लंडचा राजकोष शेकडो वर्षं खाचांवर चालला. ज्या साधकाला ती पद्धत शिकायची असेल त्याने हेझलच्या झाडाची काठी घ्यावी. बाराव्या शतकातल्या रिचर्ड फिट्झनील या कोषाधिकाऱ्याने मापं लिहून ठेवली आहेत: 1000 पौंडांना तळहाताच्या रुंदीची खाच, 100 पौंडांना अंगठ्याएवढी, 20 पौंडांना करंगळीएवढी, एका पौंडाला सातूच्या टपोऱ्या दाण्याएवढी. पेनीला लाकूड न काढता नुसती चीर. मग काठी उभी चिरायची, म्हणजे दोन्ही तुकड्यांवर त्याच खाचा येतात. लांब तुकडा, ‘स्टॉक’, पैसे देणाऱ्याकडे. आखूड तुकडा, ‘फॉइल’, घेणाऱ्याकडे. नंतर कोणी गुपचूप एखादी खाच वाढवली, तर तुकडे शेजारी ठेवताच चोरी उघडी पडते. कुणाच्या करंगळीचा आकार प्रमाण मानायचा, हे मात्र साधकाने आपल्या जबाबदारीवर ठरवावं.

या काठ्या म्हणजे टॅली. पद्धत 1826 मध्ये बंद झाली, पण काठ्यांचे ढीग उरले. 16 ऑक्टोबर 1834 रोजी त्या लॉर्ड्सच्या सभागृहाखालच्या भट्ट्यांत जाळायला घेतल्या, आणि संध्याकाळपर्यंत पार्लमेंटची दोन्ही सभागृहं पेटली. जुनी कागदपत्रं रद्दीवाल्याला देण्याची आपली पद्धत त्या मानाने बरीच सुरक्षित.

‘स्कोअर’ही खाचच. मेंढ्या मोजताना दर विसाला काठीवर खाच, म्हणून स्कोअर म्हणजे 20. कोडीने मोजणाऱ्या किंवा ‘तीन विसा’ म्हणणाऱ्या आपल्या म्हाताऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. अठराव्या शतकात क्रिकेटचा हिशेबनीसही काठी आणि चाकू घेऊन बसे, आणि धावांना नॉचेसच म्हणत. तेव्हा ‘स्कोअर काय झाला?’ असं टीव्हीसमोर विचारणारा मराठी माणूस, काठीवर किती खाचा पडल्या, एवढंच विचारत असतो.

एक शब्द थट्टेबाहेरचा. इंडेंट म्हणजे दातेरी काप. एकाच चामड्यावर करार दोनदा लिहायचा आणि मधून नागमोडी कापायचा. दाते जुळले की करार खरा. ते झालं इंडेंचर. अशाच नावाच्या करारांनी 1834 पासून भारतातले मजूर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेले, त्यांत पुढे कोकणातलेही. दाते तोवर केव्हाच गेले होते; उरला होता अंगठा. आज आपल्या कचेऱ्यांत टाचण्या आणि कागदाची रिमं मागवायला ‘इंडेंट’ टाकतात, तो याच घराण्यातला.

दातांवरून कोणी डेंटही त्याच कुळात घालील. तसं करू नये. ‘इंडेंट’ने त्याच्यावर छाप पाडली हे खरं, पण डेंट निघाला ‘डिंट’ या जुन्या शब्दातून, आणि डिंट म्हणजे ठोसा, घाव. ही व्युत्पत्ती शिकायला कोशाची गरज नाही. कुठल्याही नाक्यावरच्या ‘डेंटिंग-पेंटिंग’च्या पाटीखाली जावं, पोचा दाखवावा. मिस्त्री वाकून बघतो, लाकडी हातोडा उचलतो आणि म्हणतो, “ठोकून काढू.”