बरं वाटतंय, हीच पंचाईत

मॅरेथॉनचा सराव करणारा माणूस जायबंदी झाला की काही दिवस तरी अत्यंत शहाण्यासारखा वागतो. फिजिओ सांगेल ते ऐकतो, बर्फ लावतो, रबरी पट्टा पायात अडकवून हॉलमध्ये तिरका तिरका चालतो, आणि घरच्यांनी विचारलंच तर ‘या सीझनला काही घाई नाही’ असंही म्हणतो. हा शहाणपणा टिकतो तो दुखतंय तोवर. ज्या सकाळी जिना उतरताना कळ येत नाही, त्याच सकाळी कपाटाखालचे बूट बाहेर येतात. माझं म्हणणं असं की, दुखायचं थांबणं आणि बरं होणं या दोन वेगळ्या घटना आहेत. त्यांच्यामध्ये काही आठवड्यांचं, कधी महिन्यांचं अंतर असतं, आणि धावणारा पुन्हा आडवा होण्याची खरी भीती याच अंतरात असते. धावण्यातल्या दुखापतींच्या अभ्यासांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा सापडते: पुढची दुखापत कोणाला होईल याचा त्यातल्या त्यात भरवशाचा अंदाज आधीच्या दुखापतीवरून बांधता येतो.

याचं कारण असं, की शरीरातली सगळी खाती एका गतीने काम करत नाहीत. हृदय आणि फुप्फुसं तशी तत्पर. 1984 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कसलेल्या खेळाडूंना व्यायाम बंद करायला लावला, तर पहिल्या तीन आठवड्यांत त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सुमारे सात टक्केच घटली. आणि गेलेला दम परत यायलाही फार काळ लागत नाही. हाडाचं तसं नाही. ताण पडलेलं हाड स्वतःची दुरुस्ती करतं ती थेट नगरपालिकेच्या पद्धतीने: आधी खोदायचं, मग भरायचं. खोदाई दोन-तीन आठवड्यांत उरकते, भरणीला मात्र तीन-चार महिने जातात. मधल्या काळात रस्ता पूर्वीपेक्षाही वाईट असतो, पण वरून माती सारखी केल्यामुळे तसं वाटत नाही. पोटरीला टाचेशी जोडणाऱ्या कंडरेत रक्तपुरवठाच बेताचा, त्यामुळे तिचा कारभार आणखी सावकाश. थोडक्यात, दम आधी परत येतो आणि नडगी मागे राहते. इंजिन तयार, चाकं गॅरेजमध्ये, आणि निर्णय घेणार इंजिन.

यावर ठरलेला आक्षेप येतो: ‘शरीराचं ऐकावं, शरीर सांगतं.’ सांगतं ना, पण कधी? धाप तिथल्या तिथे लागते. कंडरा आणि तळपाय आपलं म्हणणं दुसऱ्या दिवशी मांडतात. टाच धरलेल्या माणसाने पलंगावरून उतरून थंड फरशीवर टाकलेलं पहिलं पाऊल आठवून बघा. काल संध्याकाळचे ‘मस्त झाले’ असे पाच किलोमीटर खरोखर कसे झाले, याचा निकाल तिथे लागतो. तो बघायला आपण थांबत नाही, कारण त्याआधीच मनगटावरच्या घड्याळाने शेरा दिलेला असतो. ही घड्याळं विश्रांतीच्या काळात माणसाला ‘डीट्रेनिंग’ म्हणतात आणि हळू पळालं तर ‘अनप्रॉडक्टिव्ह’. वार्षिक मूल्यमापनात साहेबाने असं काही लिहिलं तर आपण युनियनकडे जाऊ. घड्याळाने लिहिलं की ग्राउंडवर जातो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, कारण तो सुवर्णपदकांसह येतो. जोन बेनॉइटच्या गुडघ्यावर 1984 साली शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर सतराव्या दिवशी ती अमेरिकेची निवड चाचणी जिंकली आणि ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसला महिलांची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉनही. अबेबे बिकिलाने 1964 साली अपेंडिक्स काढल्यावर जेमतेम सहा आठवड्यांत टोकियोत विश्वविक्रमासह सुवर्ण घेतलं. गोष्टी खऱ्या आहेत, पण बिकिलाचं अपेंडिक्स गेलं होतं, नडगी नाही. आणि बेनॉइटने शस्त्रक्रियेनंतर घाईने सराव सुरू केला तेव्हा मांडीमागचा स्नायू दुखावून घेतला होता, हा भाग सांगणारा अजून मला भेटलेला नाही. शिवाय ही दोघं अपवाद होती म्हणून तर आपल्याला ठाऊक आहेत. घाई करून कायमचे घरी बसलेल्यांना ऑलिंपिकच्या इतिहासात जागा नसते.

मग हिशेबी लोक दहा टक्क्यांचा नियम काढतात: आठवड्याचं अंतर दर खेपेस दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचं नाही. नियम सोज्वळ आहे. नेदरलँड्समध्ये नवशिक्या धावकांवर तो तपासून पाहिला, त्याचे निष्कर्ष 2008 साली आले: दहा टक्केवाल्यांत आणि भराभर वाढवणाऱ्यांत, दोन्हीकडे साधारण पाचातला एक जायबंदी झाला. म्हणून वाटेल तसं पळा असा अर्थ कोणी काढेल, तर तो चुकेल. ते लोक नव्याने सुरुवात करत होते, मोडून परत येत नव्हते. परतणाऱ्याची अडचण वेगळीच आहे. तो दहा टक्के काढतो ते दुखापतीआधीच्या आकड्यावर. आजच्या आकड्यावर काढायचे तर शून्याचे दहा टक्के शून्यच येतात, आणि हे गणित कोणालाच आवडत नाही. माझ्या मते किलोमीटर हे मापच इथे कुचकामी आहे. दोन मिनिटं पळा, एक मिनिट चाला, आणि दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या पावलाने हरकत घेतली नाही तरच पुढे सरका. लाजिरवाणं दिसतं, खरं आहे. शेजारून मॉर्निंग वॉकचे आजोबा पुढे निघून जातात, आणि जाताना ‘काय, दमलात?’ असं विचारतातही.

राहता राहिले भरलेले पैसे. जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनची नोंदणी काही महिने आधी झालेली असते, आणि पैसे भरलेत म्हणून बेचाळीस किलोमीटर पळणं आपल्याला तर्कशुद्ध वाटतं. पण पैसे गेलेत ते दोन्हीकडून. प्रश्न फक्त त्यांच्यासोबत नडगीही द्यायची का, एवढाच. पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर, पाय संपत आलेले असताना येतो, आणि तो पावती विचारत नाही. ज्यांना त्या दिवशी रस्त्यावर दिसायचंच आहे, त्यांच्यासाठी सहाएक किलोमीटरची ड्रीम रन असते. तिथे सोंगं घेऊन चालणारे इतके असतात, की गुडघ्याला पट्टा बांधून लंगडत गेलात तर लोक तेही सोंगच समजतील आणि शेजारी उभं राहून फोटो काढून घेतील.