हप्त्याचा फोन : उचलण्याचे शास्त्र

हप्ता चालू नाही असं घर मुकुटबनात शोधायला निघालात, तर संध्याकाळपर्यंत चहा पुष्कळ होतील. घर सापडेलच याची हमी नाही. कोणाचा मोटारसायकलचा, कोणाचा ट्रॅक्टरचा, बायांचा गटाचा, पोराचा मोबाइलचा. मोबाइलचा हप्ता थकला की त्याची आठवण त्याच मोबाइलवर येते, ही या युगाची काटकसर. एवढ्या मोठ्या सार्वजनिक व्यवहाराचं शास्त्र मात्र कोणी लिहून ठेवलेलं नाही. सोयरीक कशी जुळवावी, यावर चौकात दहा जाणकार भेटतात. ‘फाइनान्स से बोल रहा हूँ’ याला काय उत्तर द्यावं हे विचारलं, की तेच जाणकार रेंज नाही म्हणून उठून जातात. ती उणीव ही मार्गदर्शिका भरून काढते.

आधी एक खुलासा. घेतलेलं कर्ज फेडायचं असतं, याबद्दल आमचं दुमत नाही. विषय फक्त फोनचा आहे. कर्जाला कागद असतो, फोनला नसतो. पुढचं सगळं शास्त्र या एका भेदावर उभं आहे.

१. हंगाम

हप्ता महिन्याला येतो, कापूस वर्षाला. मृगात पेरलेलं बियाणं दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास पहिला वेचा देतं. तोवर घरातून पैसा फक्त बाहेर जातो: बियाणं, खत, फवारणी, निंदण. त्यामुळे पोळ्याच्या आगेमागे या फोनला भर येतो. कंपनीच्या संगणकाला पोळा माहीत नसतो. त्याला फक्त महिन्याची पाच तारीख माहीत असते, आणि ती दर महिन्याला येते.

२. जाती

(अ) *यांत्रिक बाई.* ‘प्रिय ग्राहक’ म्हणते, एक दाबा, दोन दाबा म्हणते. हिच्याशी वाद घालू नये. पुष्कळांनी घालून पाहिला आहे.

(आ) *शाखेतला पोरगा.* वणीहून किंवा पांढरकवड्याहून फटफटीवर येतो. ओळखीचा, बोली आपलीच. याच्यावर टार्गेट असतं आणि त्याच्या फटफटीवर हप्ता. याला पाणी विचारावं.

(इ) *दूरदेशीचा आवाज.* शहर अज्ञात, भाषा हिंदी, रोज नवा माणूस. काल तुम्ही याच्या सहकाऱ्याला जे पाऊण तास समजावलं, त्यातलं याला काही ठाऊक नसतं. या जातीला स्मरणशक्ती नसते, हे ध्यानात ठेवावं.

(ई) *तथाकथित वकीलसाहेब.* पहिल्याच वाक्यात वॉरंट काढतात.

(उ) *ॲपवाला.* पाच मिनिटांत कर्ज देतो आणि पाच दिवसांत तुमच्या मेहुण्याला फोन लावतो.

३. मुहूर्त

रिझर्व्ह बँकेने यासाठी चौघडिया ठरवून दिलेला आहे. १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार थकलेल्या कर्जासाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही. मायक्रोफायनान्स, म्हणजे वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांचं विनातारण कर्ज, यासाठी १४ मार्च २०२२ चे निर्देश आणखी कडक आहेत: नऊच्या आधी नाही, सहानंतर नाही.

नियम चांगलाच आहे. फक्त नऊ ते सहा या वेळात गटातली बाई शेतात असते. वेचणीच्या दिवसांत कमरेला ओटी बांधलेली, दोन्ही हात बोंडांत, मोबाइल प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून पदराला गाठ मारलेला. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. म्हणजे ‘पैसे कधी भरता?’ हे विचारायला केलेला दहा मिनिटांचा फोन, भरायच्या पैशातूनच कापला जातो. हा हिशेब वसुलीवाल्याला अवश्य सांगावा. तो हसला तर माणूस बरा आहे असं समजावं.

४. साहित्य

दोनशे पानी वही एक, चालणारा पेन एक, कर्जाच्या कागदांची पिशवी एक. पिशवी सापडत नसेल तर धान्याच्या कोठीमागे पाहावी.

मुकुटबनात काट्याच्या पावतीशिवाय काही हलत नाही. कोळशाचा ट्रक काट्यावर चढतो, सिमेंटचा चढतो, कापसाची गाडी चढते. भरलेलं वजन, रिकामं वजन, तारीख, गाडी नंबर असलेली चिठ्ठी हातात पडल्याशिवाय कोणी फाटक ओलांडत नाही. या गावात विनापावती येते ती फक्त फोनवरची धमकी. तेव्हा तिलाही काट्यावर चढवावं. वहीत पाच रकाने आखावेत: तारीख, वेळ, कोणत्या नंबरवरून, बोलणाऱ्याचं नाव, काय म्हणाला. शेवटच्या रकान्यात शिव्या जशाच्या तशा लिहाव्यात. शुद्धलेखन पाहू नये.

५. नमुना संवाद (पाठ करावा)

“आपकी तीन किस्तें बाकी हैं।”

“हो का? कोन बोलून राह्यले भाऊ?”

“फाइनान्स से।”

“फायनान्स तं लय हायेत. कोन्तं? आन तुमचं नाव?”

“नाम से क्या काम? पैसा कब भरोगे?”

“वहीत लिहा लागते नं भाऊ. एजन्सी कोन्ती? कर्जखात्याचा नंबर सांगा.”

“आपको अपना लोन नंबर नहीं मालूम?”

“मले मालूम हाय. तुमाले मालूम हाय का, थे पाहून राह्यलो.”

इथे पलीकडे थोडी शांतता पसरते. तिचा भंग न करता पुढचं वाक्य म्हणावं: “बाकी किती, व्याज किती, दंड किती, हे लिहून पाठवा. मी लिहूनच उत्तर देतो.” आवाज चढवू नये. बँकेच्या वसुली एजंटाने कसं बोलावं यासाठी २००८ पासून शंभर तासांचं प्रशिक्षण ठरलेलं आहे. त्याच सूचनांनुसार त्याच्याकडे ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र असावं लागतं. शंभर तास शिकलेल्या माणसाला नाव विचारलं तर राग यायचं कारण नाही. आला, तर रकाना पाच.

६. वर्ज्य उपाय

*‘थे वारले.’* गावात सर्वाधिक वापरलेला आणि सर्वांत महागात पडलेला उपाय. पुष्कळ कर्जांना विमा जोडलेला असतो. त्यामुळे बातमी कळताच मृत्यूचा दाखला आणि वारसाचं आधार मागणारे फोन सुरू होतात. शिवाय मयताला पुढच्या आठवड्यात पासबुक भरायला स्वतःच जावं लागतं.

*सिम बदलणे.* वसुलीवाल्याकडे जामीनदाराचा नंबर असतोच. पीकविम्याचा आणि आधारचा ओटीपी मात्र जुन्या सिमवर येत राहतो, आणि तो तुम्हाला मिळत नाही.

*आजीच्या हाती फोन देणे.* पलीकडे हिंदी, अलीकडे कोलामी. दोघंही आपापलं म्हणणं सविस्तर मांडतात आणि समाधानाने फोन ठेवतात. करमणूक म्हणून उत्तम. हप्ता जागच्या जागी.

*‘उद्या भरतो.’* हा दिसतो निरुपद्रवी, पण सगळ्यांत घातक. तुमचा ‘उद्या’ त्यांच्या संगणकात वचन म्हणून नोंदला जातो, आणि परवाचा फोन कर्जाचा न राहता वचनभंगाचा होतो. कापसाला माहीत नसलेली तारीख आपण देऊ नये.

*दुसरं कर्ज काढून पहिलं भरणे.* यातून फोन एकाचे दोन होतात.

७. धमक्या आणि त्यांचा बाजारभाव

‘पोलीस घेऊन येतो.’ नुसता हप्ता चुकणं हा फौजदारी गुन्हा नाही, तो दिवाणी मामला आहे. अपवाद नीट समजून घ्यावा: दिलेला चेक वटला नाही तर चेकबाबतच्या कायद्याचं कलम १३८ लागू शकतं, आणि खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता पैशाअभावी परत गेला तरी तसाच कायदा आहे. म्हणून कोर्टाचा कागद आला तर तो कोठीमागे टाकू नये. तालुका विधी सेवा समितीकडे जावं किंवा १५१०० वर फोन करावा. पात्र माणसाला वकील फुकट मिळतो.

‘वॉरंट निघालंय, व्हॉट्सॲपवर पाठवतो.’ वॉरंट कोर्ट काढतं. कॉल सेंटर काढत नाही. भाव शून्य.

‘गावभर नाव करतो, फोटो लावतो.’ मायक्रोफायनान्सच्या निर्देशांत कर्जदाराचं नाव जाहीर करणं, शिवीगाळ करणं, सारखे फोन लावणं, नातेवाईक-मित्र-सहकाऱ्यांना त्रास देणं, या सगळ्यांना स्पष्ट मनाई आहे. वसुलीची जागा दोघांनी मिळून ठरवायची असते. तिथे कर्जदार लागोपाठ दोनदा आला नाही, तरच घरी यायची मुभा. आणि हप्त्यांचं ओझं घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होईल इतकं कर्ज द्यायचंच नाही, हाही नियम त्याच निर्देशांत आहे. कर्ज देताना हे कोणाच्या लक्षात होतं, हे वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवावं.

‘ट्रॅक्टर उचलून नेतो.’ हिला मात्र वजन आहे. वाहन तारण असतं, आणि करारात जप्तीचं कलम असतं. पण त्याच करारात आधी नोटीस किती दिवसांची, पद्धत कोणती, हेही असावं लागतं. वसुलीसाठी गुंड पाठवू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये एका बँकेला सुनावलं. तरी सप्टेंबर २०२२ मध्ये झारखंडातल्या हजारीबागला एका फायनान्स कंपनीच्या वसुलीसाठी ट्रॅक्टर नेताना शेतकऱ्याची गरोदर मुलगी त्याच ट्रॅक्टरखाली गेली. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने त्या कंपनीची बाहेरच्या एजंटांकडून होणारी वसुली काही महिने थांबवली. इथे विनोद थांबवावा. असे लोक दारात आले तर वही बाजूला ठेवून ११२ लावावा.

‘कॉन्टॅक्टमधल्या सगळ्यांना कळवतो.’ हा ॲपवाला. कर्जाच्या ॲपने फोनमधले नंबर, फोटो, कॉलची यादी वाचायची नाही, असं रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांत आहे. जो वाचतो, तो बहुधा कोणत्याच बँकेचा नसतो. त्याच्यासाठी १९३० हा सायबर गुन्ह्यांचा नंबर.

८. परक्याच्या कर्जाचे फोन

कर्ज न घेतलेल्यांनीही ही मार्गदर्शिका वाचावी. गावात कोणाला तरी फॉर्ममध्ये दोन नंबर भरायचे असतात, आणि तुम्ही सरळमार्गी म्हणून प्रसिद्ध असता. त्यानंतर ‘आपका दोस्त फोन नहीं उठा रहा’ सुरू होतं. फॉर्मवरचा नंबर म्हणजे जामीन नव्हे. तुमची सही नाही, तर तुमचं देणं नाही. एकदाच सांगावं: “मी जामीनदार नाही, पुन्हा फोन करू नका,” आणि वहीत लिहावं.

कधी स्वतःच्याच नावावर न घेतलेलं कर्ज निघतं. त्यासाठी सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हायमार्क या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल फुकट मिळतो. पोराला मोबाइलवर रील पाहण्यातून थोडा वेळ काढून तो मागवायला सांगावा.

९. कागदाचा इतिहास (ऐच्छिक)

तगादा जुना आहे. पहिल्या बाजीरावालाही तो चुकला नाही. कर्जाचं रडगाणं तो गुरू ब्रह्मेंद्रस्वामींना पत्रांतून गात असे. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले. त्या उठावाचा रोख माणसांपेक्षा रोख्यांवर होता: कर्जखतं बाहेर काढायची आणि जाळायची. सही आपली, मजकूर सावकाराचा, वाचता येत नाही. तेव्हा कागद हाच वैरी होता. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. त्याने पुणे, सातारा, सोलापूर, नगरच्या शेतकऱ्याला लेखी पावती आणि वर्षाचा हिशेब मागायचा हक्क दिला. आपला भाग तेव्हा वऱ्हाडात, त्यामुळे त्या कायद्याबाहेर. आता पावती मागायला कोणाची आडकाठी नाही, तर आपण फोनवर रदबदली करत बसतो. खाजगी सावकार असेल तर २०१४ चा सावकारी कायदा आहे. त्याच्याकडे परवाना आहे का, हे सहायक निबंधकांच्या कार्यालयात कळतं. नसेल, तर घाबरायची पाळी त्याची.

१०. लेखी उत्तर

मजकूर छोटा असावा:

‘खाते क्रमांक अमुक. पीक न आल्यामुळे इतके हप्ते थकले. कापूस विकल्यावर इतकी रक्कम भरू शकतो; तरी हप्ते फिरवून द्यावेत. थकबाकीचा तपशील लेखी द्यावा. तुमचे लोक अमुक तारखांना अमुक वेळी फोन करून जे बोलले, त्याची नोंद सोबत जोडली आहे. यापुढे ठरलेल्या वेळेतच व एकाच नंबरवर संपर्क करावा.’

दोन प्रती कराव्यात, एकीवर पोच घ्यावी. शाखेने शिक्का सापडत नाही असं सांगितलं तर स्पीड पोस्ट करावं. टपाल खात्याला शिक्का सापडतो. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८, खर्च काही नाही. तिथे वही कामाला येते. ‘लय त्रास देते साहेब’ यापेक्षा ‘१७ तारखेला रात्री ९.४०’ हे लवकर समजतं.

पुढचा फोन आला की म्हणावं, “अर्ज दिला हाय, पोच नंबर लिहून घ्या.” लिहून घ्यायची पाळी आता त्यांची.

११. समारोप

शेवटचा हप्ता भरला की ‘नो ड्यूज’ घेतल्याशिवाय शाखेची पायरी उतरू नये. घराची कागदपत्रं गहाण असतील तर ती तीस दिवसांत परत मिळायला हवीत. डिसेंबर २०२३ पासून, त्यांच्याकडून उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाईचा नियम आहे.

त्यानंतर साधारण आठवड्याभरात एक फोन येईल. आवाज अतिशय गोड, नाव न विचारता सांगेल, तब्येत विचारेल. “आप हमारे बहुत अच्छे ग्राहक हैं, आपके लिए टॉप-अप लोन मंजूर हुआ है।” या फोनला वरचा एकही नियम लागू नाही. वही उघडू नये, एजन्सी विचारू नये, किती मंजूर झालं हे तर मुळीच विचारू नये. फोन कापावा आणि नंबर १९०९ वर कळवावा.